नकाशावरचं बंद स्टेशन

बालमित्रांनो, बोरी अरबला किंवा दारव्ह्याला गेलात तर एखाद्या आजोबांना विचारून बघा, "शकुंतला कुठे गेली हो?" आजोबा आधी हसतील आणि मग थोडा वेळ गप्प बसतील. मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ही छोटी नॅरोगेज गाडी दारव्ह्यावरून जायची. ती बंद पडली, पण जुन्या नकाशात तिची रेघ अजून आहे. आता समजा, परमुलखातला एखादा पाहुणा असा जुना नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, "यवतमाळची शकुंतला किती वाजता आहे?" तर काय होईल? पानठेल्यावरची चार माणसं वळून बघतील. हा काही इथला नव्हे, हे लगेच कळेल!

अगदी अशाच एका बंद स्टेशनाने आपल्या तीन लढाऊ वैमानिकांना पकडून दिलं. त्या तिघांचा म्होरक्या मराठी होता, फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. पुढे ते ग्रुप कॅप्टन झाले. १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची आठवण म्हणून आज ही गोष्ट.

जखमी खांदा आणि एक निश्चय

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात परुळकर अगदी तरुण वैमानिक होते. एका मोहिमेत शत्रूचा मारा त्यांच्या विमानावर बसला. त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. "विमान सोड, पॅराशूटने उडी मार," असा सल्ला त्यांना मिळाला. पण त्यांनी ते जखमी विमान तसेच आपल्या तळावर आणून उतरवले. या कामगिरीबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले.

आपण कधी शत्रूच्या हाती सापडलो तर स्वस्थ बसायचे नाही, निसटायचेच, हे त्यांनी तेव्हापासूनच मनाशी ठरवून ठेवले होते. मित्रांना ते तसे बोलूनही दाखवत. ऐकणाऱ्यांना वाटायचं, तरुण रक्त आहे, बोलायचंच!

डिसेंबर १९७१ मध्ये पुन्हा युद्ध पेटले. १० डिसेंबरला परुळकरांचे सुखोई-७ विमान पाकिस्तानात पाडले गेले. ते पॅराशूटने खाली उतरले आणि पकडले गेले. त्यांची रवानगी रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत झाली. तिथे आपल्या वायुदलाचे आणखीही वैमानिक होते.

अठरा इंचांची भिंत

युद्ध दोन आठवड्यांत संपले. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला. भारताच्या ताब्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी होते आणि पाकिस्तानात आपले होते. पण सुटका कधी, हे कोणालाच सांगता येईना. दिवस नुसते मोजत बसणे परुळकरांना मानवण्यासारखे नव्हतेच.

त्यांनी बेत आखला. सोबत आले मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. आधीचे एकदोन प्रयत्न फसले. मग कोठडीच्या भिंतीलाच भोक पाडायचे ठरले. भिंत अठरा इंच जाड! हत्यारे कोणती? हाताला लागतील ती, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर असली. एकेक वीट मोकळी करायची आणि पहारेकरी यायच्या आत सगळे होते तसे करून ठेवायचे. बाहेरच्या अंगाचा गिलावा मात्र शेवटपर्यंत फोडायचा नाही, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला भिंत शाबूत दिसेल.

बाकीचे कैदी काय करत होते? कोणी पाळत ठेवत होता, कोणी पहारेकऱ्यांना गप्पांत गुंतवत होता. एका सहकाऱ्याने सुईला चुंबकत्व आणून चक्क होकायंत्र बनवले. शाळेत विज्ञानाच्या तासाला तुम्हीही हा प्रयोग केला असेल, नाही का? पठाणी कपडे जमवले गेले. कैद्यांना मिळणाऱ्या तुटपुंज्या भत्त्यातून पैसे साठवले गेले. पळणारे तिघेच होते, पण खपत होते बरेच जण. मागे राहणाऱ्यांना ठाऊक होतं की हे तिघे गेल्यावर आपल्यावर कडक पहारा बसणार. तरीही कोणी माघार घेतली नाही.

भारताची सीमा सोडून ते निघाले उलट्या दिशेला, अफगाणिस्तानकडे. का? भारताच्या सीमेवर दोन्ही बाजूंना सैन्य खडे होते. खैबर खिंडीतून पलीकडे गेले की मात्र तटस्थ देश लागत होता.

सीमा काही मैलांवर

१२ ऑगस्टची रात्र. वादळ सुटले, पाऊस कोसळू लागला. मध्यरात्रीनंतर, म्हणजे १३ तारखेला, तिघे भोकातून बाहेर सरपटले, आवाराची भिंत ओलांडून रस्त्याला लागले आणि सिनेमा सुटलेल्या गर्दीत मिसळून गेले!

मग बसने पेशावर. तिथून टांगा आणि पुन्हा बस. सकाळी ते लंडी कोतल या डोंगरातल्या गावी पोचले. सीमा आता काही मैलांवर होती. स्वातंत्र्य जवळजवळ हाताशी आले होते.

आणि इथेच घात झाला.

त्यांच्याजवळच्या माहितीप्रमाणे सीमेआधीचे शेवटचे रेल्वेस्टेशन होते लंडी खाना. म्हणून त्यांनी तिकडे कसे जायचे याची चौकशी केली. ऐकणारे चमकले. लंडी खाना? खैबरची रेल्वे १९२६ मध्ये तिथपर्यंत गेली होती खरी, पण हा टप्पा १९३२ मध्येच बंद झाला होता! चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाची चौकशी करणारा माणूस इथला कसा असेल?

त्या वर्षी पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोकही याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते. त्यामुळे अनोळखी माणसावर सगळ्यांची नजर असे. तिघांना तहसीलदारापुढे उभे केले गेले. "आम्ही पाकिस्तानी हवाई दलातली माणसं, सुट्टीवर फिरायला आलोय," असा बहाणा त्यांनी केला, पण तो टिकला नाही. त्या डोंगराळ मुलखात हेर म्हणून गोळी घातली असती तर विचारणारे कोणी नव्हते.

परुळकरांनी डोके शांत ठेवले. छावणीचे पूर्वीचे प्रमुख उस्मान हमीद आता पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी होते. "त्यांना फोन लावा," असे परुळकरांनी सांगितले. फोन लागला. हे आमचेच कैदी आहेत, त्यांना इजा करू नका, असा निरोप आला आणि तिघांचे प्राण वाचले. मुलांनो, हे विसरू नका बरं का! ज्याच्या कैदेतून पळाले, त्याच देशाचा अधिकारी माणुसकीला जागला.

पळताना पकडलेल्या युद्धकैद्याला कडक शिक्षा देता येत नाही, असा १९४९ च्या जिनिव्हा कराराचा नियम आहे. त्यांना काही दिवस एकांतवास भोगावा लागला. सगळ्यांना लायलपूरच्या, म्हणजे आताच्या फैसलाबादच्या तुरुंगात हलवले. अखेर १ डिसेंबर १९७२ रोजी आपले हे वैमानिक वाघा सीमेवरून पायी चालत मायदेशी आले.

मग जिंकलं कोण?

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "शेवटी पकडलेच गेले ना? मग शूर कसले?" प्रश्न रास्त आहे. पण विचार करा. अठरा इंचांची भिंत फुटली, रावळपिंडी सुटली, खैबर खिंड आली. चुकली ती एक गोष्ट, जुनी झालेली माहिती. धैर्य असूनही ती चूक भोवली. आणि चूक उघडी पडल्यावर घाबरून न जाता ज्यांनी साथीदारांचा जीव वाचवण्याची वाट शोधली, त्यांचं शौर्य मला तरी भिंत फोडण्यापेक्षा मोठं वाटतं.

परुळकरांनी पुढेही वायुदलात अनेक वर्षे सेवा केली. त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळाले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांनी तरुण छात्रांना घडवले. या पलायनावर 'फोर माइल्स टू फ्रीडम' हे इंग्रजी पुस्तक २०१३ मध्ये आले, २०१९ मध्ये चित्रपटही निघाला.

परुळकर परत आले, म्हणून त्यांची गोष्ट आपल्याला कळली. त्याच युद्धात ५ डिसेंबर १९७१ ला गेलेले फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे परतलेच नाहीत. बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या असलेल्या त्यांच्या पत्नी दमयंती तांबे यांनी त्यांच्या शोधासाठी वर्षानुवर्षे धडपड केली. १९७१ च्या अशा बेपत्ता वीरांच्या सरकारी यादीत ५४ नावे आहेत. परुळकरांना आठवताना त्यांनाही आठवायला हवं.

आता कधी दारव्ह्याकडे गेलात आणि शकुंतलेचा मार्ग दिसला, तर जरा थांबा. दूर खैबरमध्येही असंच एक बंद स्टेशन आहे. तिथवर जाण्याची जिद्द धरलेल्या त्या तिघांची गोष्ट सोबतच्या आईबाबांना, आजोबांना सांगा. त्यांच्याकडून शकुंतलेची ऐका. सांगाल ना?