ताप, थर्मामीटर आणि समीकरणाचे सामान्य रूप

एप्रिल-मेमध्ये छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशी ओलांडतो. हवेचे तापमान आपण सेल्सिअसमध्ये ऐकतो, घरातला ताप मात्र ‘नव्याण्णव, शंभर, एकशे एक’ असा फॅरनहाइटमध्ये मोजतो. घोटाळा होतो तो डिजिटल थर्मामीटर सेल्सिअस दाखवतो तेव्हा. पडद्यावर ३९ दिसले की कुणाला यंत्र बिघडल्यासारखे वाटते, कुणाला ताप नाहीच असे वाटते. प्रत्यक्षात ३९ अंश सेल्सिअस म्हणजे १०२.२ अंश फॅरनहाइट.

या दोन मापांना जोडणारे सूत्र शाळेत पाठ केलेले असते: फॅ = (९/५) से + ३२. हे दोन चलांतील रेषीय समीकरण आहे. पण त्यात अपूर्णांक आहे आणि पदे दोन्हीकडे विखुरलेली आहेत. दहावीच्या बीजगणितात अशी समीकरणे ‘सामान्य रूपात’ मांडायला शिकवतात. दोन्ही बाजूंना ५ ने गुणले की ५ फॅ = ९ से + १६०. सगळी पदे एका बाजूला घेतली की ९ से − ५ फॅ + १६० = ०. अर्थ तोच राहिला, फक्त अपूर्णांक गेला.

याचा उपयोग काय? पडताळणी सोपी होते. ९ गुणिले ३८ म्हणजे ३४२, ५ गुणिले १००.४ म्हणजे ५०२. ३४२ − ५०२ + १६० बरोबर शून्य. जोडी जमली. कुणी ३८ च्या पुढे चुकून १०१.४ लिहिले, तर उत्तर उणे ५ येते. फॅरनहाइटची एका अंशाची चूक अशी लगेच पकडली जाते. ९ आणि ५ हे सहगुणक आणखी एक गोष्ट सांगतात. सेल्सिअसचे ५ अंश म्हणजे फॅरनहाइटचे ९. म्हणून ‘ताप दोन अंशांनी वाढला’ एवढे सांगून भागत नाही; सेल्सिअसचे दोन अंश म्हणजे फॅरनहाइटचे साडेतीनहून अधिक.

मांडणीची ही शिस्त आपल्या भागाला परकी नाही. कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावजवळ पाटण लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखात आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक लिहीत. पहिले अव्यक्त ‘या’, दुसरे ‘का’, नुसता अंक ‘रू’. जे पद नाही, तिथे शून्य. आपले समीकरण त्या पद्धतीने असे दिसेल:

या ९ का ० रू १६०
या ० का ५ रू ०

सारख्याखाली सारखे आले की वजाबाकी सरळ होते. सामान्य रूपाचे मर्म हेच आहे.

वैद्यकातही अशीच मांडणी कामी येते. ५ टक्के आणि २५ टक्के ग्लुकोजपासून १० टक्क्यांचे १०० मिलिलिटर द्रावण बनवायचे झाल्यास: क्ष + य = १००; ५ क्ष + २५ य = १०००. दुसऱ्याला ५ ने भागले की क्ष + ५ य = २००. त्यातून पहिले वजा केले की ४ य = १००. म्हणजे २५ टक्क्यांचे २५ मिलिलिटर आणि ५ टक्क्यांचे ७५. पदे उलटसुलट लिहिली गेली तर बाळाला भलत्याच तीव्रतेचे द्रावण जाऊ शकते.

घरी गणित करत बसण्याची गरज नाही. ताप लिहिताना आकड्यापुढे ‘से’ किंवा ‘फॅ’ जरूर लिहावे, वेळही नोंदवावी. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ से, म्हणजे १००.४ फॅ किंवा जास्त ताप असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उन्हातून आलेली व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर आकड्याची वाट पाहू नये. सावलीत आणून अंग ओले करावे, वारा घालावा आणि तातडीने रुग्णालय गाठावे. उष्माघातात शरीराचे तापमान बहुधा ४० से, म्हणजे १०४ फॅ किंवा त्याहून अधिक असते. ३६० − ५२० + १६०: उत्तर शून्य.