दुधातील कवकविष आणि पशुखाद्य

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मृत्युमुखी पडले. या रोगाचे कारण शोधता शोधता ते पक्ष्यांच्या खाद्यातील, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा-पेंडीत सापडले. पेंडीवर वाढलेल्या ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीने निर्माण केलेल्या विषास पुढे ॲफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. १९६३ साली ऑलक्रॉफ्ट व कार्नाघन यांनी असे दाखविले की, अशी पेंड खाणाऱ्या गाईंच्या दुधातही विषारी द्रव्य उतरते.

पेंडीतील प्रमुख विष ॲफ्लाटॉक्सिन बी-१ हे होय. गाईच्या यकृतात त्याच्या रेणूस एक हायड्रॉक्सिल गट जोडला जातो व त्यापासून एम-१ हे द्रव्य बनते. खाद्यातील बी-१ पैकी साधारणतः १ ते २ टक्के, व विपुल दूध देणाऱ्या गाईंत सुमारे ६ टक्क्यांपर्यंत भाग या रूपाने दुधात येतो. हे प्रमाण क्षुल्लक भासते. परंतु हिशेब मांडला असता तसे राहत नाही. किलोग्रॅममागे १०० मायक्रोग्रॅम बी-१ असलेली ५ किलोग्रॅम पेंड गाईने खाल्ली व २ टक्के अंश दुधात उतरला, तर १० लिटर दुधात १० मायक्रोग्रॅम, म्हणजे लिटरमागे १ मायक्रोग्रॅम एम-१ आढळेल. भारतातील अनुज्ञेय मर्यादा किलोग्रॅममागे ०.५ मायक्रोग्रॅम असून युरोपीय संघाची ०.०५ आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुने, म्हणजे ५.७ टक्के, या मर्यादेबाहेर आढळले.

बी-१ मुळे यकृताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झाले आहे. एम-१ ची कर्कजनक शक्ती त्याच्या सुमारे एक-दशांश मानली जाते. तथापि ज्या बालकांचा मुख्य आहारच दूध आहे, त्यांच्या बाबतीत देहभाराच्या मानाने विषाची मात्रा प्रौढांपेक्षा अधिक पडते. म्हणून हा अल्पांशही उपेक्षणीय नव्हे.

दूध उकळल्याने अथवा त्याचे पाश्चरीकरण केल्याने जंतू मरतात, परंतु हे विष टिकून राहते. ते केसीन या प्रथिनास चिकटत असल्याने चीजमध्ये तर ते मूळ दुधाहून अधिक सांद्र होते. सबब खरा उपाय गोठ्यातच करावयाचा आहे. सरकीची व शेंगदाण्याची पेंड आणि मका ही कोरडी ठेवणे व बुरशी आलेले खाद्य जनावरास न घालणे, हा तो उपाय होय. दूषित खाद्य बंद केल्यावर थोड्याच दिवसांत दुधातील एम-१ जवळजवळ नाहीसे होते. यावरूनच दुधाची परीक्षा पशुखाद्यापासून सुरू झाली पाहिजे, हे स्पष्ट होते.