दोन अहवालांमधील नऊ दिवस

बँकेच्या स्थापना दिनानिमित्त शाखेत रक्तदान शिबिर भरते, तेव्हा वातावरणात एक निराळाच उत्साह असतो. एरवी काउंटरपलीकडून बोलणारी माणसे त्या दिवशी बाह्या सरसावून खाटेवर पहुडलेली दिसतात. जुने खातेदार आवर्जून येतात, बिस्किटांचे पुडे फुटतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि सायंकाळी शाखा पुन्हा आपल्या जमाखर्चाकडे वळते. दिलेल्या रक्ताचे पुढे काय होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

तालुक्याच्या गावातील अशाच एखाद्या शाखेचे एक रोखपाल डोळ्यांसमोर आणावेत. वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर, प्रकृती धडधाकट, व्यसन कोणतेही नाही. सुईच्या धास्तीने आजवर टाळलेले रक्तदान या वर्षी त्यांनी शाखा व्यवस्थापकांच्या आग्रहास्तव प्रथमच केले. पंधरवड्याने रक्तकेंद्रातून दूरध्वनी येतो : “एकदा समक्ष येऊन भेटाल का? फोनवर सांगण्यासारखे नाही.” माणसाची झोप उडण्यास एवढे पुरेसे असते. भेटीत समुपदेशक सांगतात, की हिपॅटायटिस सी या विषाणूची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, त्यांचे रक्त कोणालाही दिले जाणार नाही आणि पुढील तपासणीसाठी त्यांनी जिल्हा रुग्णालयात जावे. तेथे पुन्हा रक्त घेतले जाते. अहवाल नऊ दिवसांनी मिळेल, असे खिडकीवरून सांगण्यात येते.

हे नऊ दिवस कसे काढायचे, हा खरा प्रश्न आहे. रोगाविषयी पुष्कळ लिहिले जाते. या मधल्या दिवसांविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

आधी पहिला कागद नीट वाचला पाहिजे. रक्तकेंद्रात झालेली चाचणी प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडीजची असते. शरीराची या विषाणूशी केव्हातरी गाठ पडली होती, एवढेच ती सांगते. विषाणू आज शरीरात आहे किंवा नाही, हे तिला सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे, संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे 30 टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू सहा महिन्यांच्या आत कोणत्याही उपचाराविना निघून जातो. त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे मात्र मागे राहतात. क्वचित प्रसंगी ही पहिली चाचणी चुकीनेही पॉझिटिव्ह येते. विषाणूचा प्रत्यक्ष शोध घेणारी चाचणी म्हणजे दुसरी, आरएनए चाचणी. ती होईपर्यंत निदान पूर्ण झालेले नसते.

बँकेतील माणसाला ही स्थिती अपरिचित नाही. एखादी रक्कम येऊन पडते, पण ती कोणाच्या नावे जमा करावयाची हे कळत नाही, तेव्हा ती उचंत खात्यात ठेवतात. उचंत खात्यातील रक्कम नफाही नसते आणि तोटाही नसते. मात्र उचंत खात्याची नोंद पाहून कोणी रात्रभर जागत नाही, आणि येथे तर माणूस स्वतःच त्या खात्यात जाऊन पडलेला असतो.

पहिल्या दोन रात्री आपले रोखपाल मोबाइलवर वाचीत बसतात. यकृत कठीण होणे, पोटात पाणी होणे, यकृताचा कर्करोग असे एकेक शब्द समोर येतात. हे सारे खोटे नाही. परंतु त्यास किती काळ लागतो, हे त्या घबराटीत वाचायचे राहून जाते. दीर्घकालीन संसर्ग असलेल्यांपैकी 15 ते 30 टक्क्यांना सिऱ्हॉसिस होण्याचा धोका असतो आणि तोही वीस वर्षांच्या कालावधीत. हा आजार सावकाश चालतो; म्हणूनच तो लक्षात येत नाही आणि म्हणूनच तो लक्षात आल्यावर नऊ दिवस थांबण्याने काही बिघडत नाही. हे वाक्य डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले, तर कित्येकांच्या रात्री वाचतील. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत ते नेहमी सांगितले जातेच, असे नाही.

दुसरा प्रश्न घराचा. रोखपाल तिसऱ्या दिवशी आपले ताट वेगळे घेऊ लागतात, पाण्याचा पेला बाजूला ठेवतात, नातवाला उचलून घेत नाहीत. पत्नीच्या ते नजरेतून सुटत नाही.

“अहो, काय झालंय ते एकदा सांगून टाका. तीन दिवस मी बघते आहे.”

सांगितल्यावर त्या क्षणभर गप्प राहतात आणि मग विचारतात, “मग ताट कशाला वेगळं? डॉक्टरांनी सांगितलंय का?”

डॉक्टरांनी तसे सांगितलेले नसते, कारण तसे काही नाहीच. हिपॅटायटिस सी अन्नातून किंवा पाण्यातून पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, मुलाचा पापा घेतल्याने किंवा अंगावरच्या दुधातून तो जात नाही. आपल्याकडे ‘कावीळ’ या एकाच शब्दात सगळे हिपॅटायटिस कोंबले गेल्यामुळे हा घोटाळा होतो. दूषित पाण्यातून येते ती कावीळ प्रामुख्याने ए आणि ई या विषाणूंची. सी हा रक्तातून रक्तात जाणारा विषाणू आहे. त्यामुळे दाढीचे पाते, नेलकटर आणि दात घासण्याचा ब्रश स्वतंत्र ठेवावा, जखम झाल्यास ती झाकावी, एवढे पथ्य घरात पुरेसे होते. पतिपत्नींमध्ये शरीरसंबंधातून संसर्ग होणे शक्य असले, तरी ते फारसे घडत नाही. तरीही पत्नीने एकदा रक्त तपासून घेणे शहाणपणाचे. रोखपालांच्या पत्नींनी दुसऱ्याच दिवशी ते केले. त्यांचा अहवाल निर्दोष आला, आणि नातू पुन्हा आजोबांच्या मांडीवर बसू लागला.

कार्यालयात कोणाला सांगावे? सांगण्याचे बंधन नाही. नोटा मोजल्याने, एकच पेन वापरल्याने किंवा डबा वाटून खाल्ल्याने सहकाऱ्यास धोका नाही. तेव्हा लपविले असे होत नाही. एका विश्वासू माणसाला सांगितल्यास मनावरचे ओझे हलके होते आणि रुग्णालयाच्या वाऱ्यांसाठी रजेची सोयही होते. संपूर्ण शाखेला सांगितल्यास सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी काविळीची माळ सुचवितो, कोणी मुळ्यांचा काढा देणाऱ्याचा पत्ता आणून देतो. अज्ञात काढ्यांनी यकृताला इजा होऊ शकते, हे त्या सद्भावी माणसांना ठाऊक नसते. या दिवसांत मद्य पूर्ण वर्ज्य करावे, वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत आणि आधीपासून चालू असलेली औषधे डॉक्टरांस विचारल्याशिवाय बंदही करू नयेत.

आणि मग पैसा. पाचव्या दिवशी हे दांपत्य मुदत ठेवीच्या पावत्या काढून बसते. मुलीच्या उच्च शिक्षणासाठी राखलेली ठेव मुदतीपूर्वी मोडावी काय, याचा हिशेब सुरू होतो. या भीतीला इतिहास आहे. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने व रिबाव्हिरिनच्या गोळ्या सहा महिने, कधी वर्षभर घ्याव्या लागत. ताप, अंगदुखी, नैराश्य असे त्रास होत आणि इतके सोसूनही अनेक रुग्ण बरे होत नसत. 2013 च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीस मान्यता मिळाली. तेव्हा तेथे एका गोळीची किंमत 1,000 डॉलर, म्हणजे बारा आठवड्यांच्या उपचाराची 84,000 डॉलर होती. 2014 मध्ये मूळ कंपनीने भारतीय उत्पादकांना परवाने दिले आणि पुढे येथे हेच औषध त्या किमतीच्या अगदी अल्प अंशात मिळू लागले. जुन्या किमती मात्र लोकांच्या स्मरणातून गेलेल्या नाहीत. 28 जुलै 2018 रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. या कार्यक्रमातील शासकीय उपचार केंद्रांत हिपॅटायटिस सी ची तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. ठेव मोडण्यापूर्वी एवढी चौकशी करावी. त्या रात्री पावत्या पुन्हा कपाटात गेल्या.

याच सुमारास रोखपालांचे मेहुणे एक युक्ती सुचवितात : “दाजी, दुसरा रिपोर्ट यायच्या आत चांगलीशी मेडिक्लेम पॉलिसी काढून टाका.” ही युक्ती नव्हे. पहिला अहवाल हाती असताना प्रस्तावपत्रात तो न लिहिणे म्हणजे ज्ञात गोष्ट दडविणे होय, आणि पुढे दावा नाकारण्यास विमा कंपनीला तेवढे कारण पुरते. खरे लिहून घेतलेल्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो. 2024 च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. तो पत्करावा. प्रस्तावपत्राच्या बाबतीत बँकेच्या माणसाने तरी पळवाट शोधू नये.

‘हे मला झालेच कसे?’ हा प्रश्न मात्र पावत्यांसारखा कपाटात ठेवता येत नाही. आठवत आठवत रोखपाल 1994 सालापाशी येऊन थांबतात. महाविद्यालयात असताना त्यांना स्कूटरचा अपघात झाला होता, मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली होती आणि दोन बाटल्या रक्त चढवावे लागले होते. त्या काळी रक्त देण्यापूर्वी या विषाणूची तपासणी आपल्या देशात सक्तीची नव्हती. ती या शतकाच्या आरंभी झाली. नीट न उकळलेल्या सुया, निष्काळजीपणे केलेले दातांचे काम, जत्रेतील गोंदण, न्हाव्याचे जुने पाते याही वाटा आहेत. नशेच्या इंजेक्शनांची सामायिक सुई ही आणखी एक. लोक फक्त तेवढीच लक्षात ठेवतात आणि रुग्णाकडे संशयाने पाहतात. पुष्कळांना नेमके कारण कधीच सापडत नाही आणि उपचार त्यावाचून अडतही नाहीत.

ज्यांनी ते रक्त दिले आणि ज्यांनी ते चढविले, त्यांना दोष देणेही कठीण आहे. रक्त चढविल्यानंतर होणारी, पण ए किंवा बी नसलेली अशी एक कावीळ आहे, हे अमेरिकेतील हार्वी आल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात दाखविले होते. विषाणू सापडला तो 1989 साली, मायकेल हॉटन यांच्या गटाला. हा विषाणू एकटाच हा रोग घडवू शकतो, हे चार्ल्स राइस यांनी सिद्ध केले. या तिघांना 2020 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रोखपालांना रक्त चढविले गेले, तेव्हा या विषाणूला नाव मिळून जेमतेम पाच वर्षे झाली होती.

नवव्या दिवशी अहवाल मिळतो. विषाणू आढळला आहे. खाली भला मोठा सहा अंकी आकडा छापलेला असतो. बँकेतील माणसाचे लक्ष प्रथम आकड्याकडे जाते, आणि येथे तीच सवय घात करते. विषाणूंची संख्या मोठी म्हणजे यकृताची हानी मोठी, असा हिशेब नाही. हानी किती झाली हे रक्तातील प्लेटलेट, यकृताची विकरे, सोनोग्राफी आणि आवश्यकतेनुसार फायब्रोस्कॅन यांवरून ठरते. हिपॅटायटिस बी चीही तपासणी आधी करावी लागते, कारण तो विषाणू शरीरात सुप्त असल्यास सी वरील उपचाराच्या काळात उसळी घेऊ शकतो. रोखपालांच्या यकृतावर सौम्य परिणाम दिसला; सिऱ्हॉसिस नव्हता. मुख्य म्हणजे, गेल्या नऊ दिवसांत प्रथमच त्यांना रात्री झोप लागली. वाईट बातमी कळल्यावर झोप लागावी, याचे त्यांच्या पत्नीला नवल वाटले. वाटू नये, उचंत खात्यातील नोंद एकदाची ठिकाणी लागली होती.

उपचाराविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, हेच या औषधांचे मोठेपण. रोज एकदा गोळ्या, बारा आठवडे. सिऱ्हॉसिस असल्यास डॉक्टर औषध किंवा कालावधी बदलतात. थोडे डोके दुखते, थोडा थकवा येतो. काही आम्लपित्तनाशक व हृदयाच्या औषधांशी यांतील काही गोळ्यांचे जमत नाही, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांस दाखवावी. एकही मात्रा चुकवू नये. रोखपालांनी गोळीची वेळ सकाळी तिजोरी उघडण्यापूर्वीची ठरविली, आणि ती कधी चुकली नाही. या औषधांनी 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात.

गोळ्या संपल्यावर पुन्हा वाट पाहणे येते, आणि हे थोड्यांनाच आधी माहीत असते. औषध थांबल्यानंतर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी करतात आणि तेव्हाही विषाणू आढळला नाही, तरच रुग्ण बरा झाला असे मानतात. ही प्रतीक्षा नऊ दिवसांची नव्हे, तीन महिन्यांची. मात्र ती तितकी जाचत नाही. मधल्या काळात मार्चअखेर येऊन गेली, वार्षिक लेखापरीक्षण झाले आणि चाचणीची तारीख रोखपालांना पत्नीने आठवण करून द्यावी लागली.

अहवालात ‘विषाणू आढळला नाही’ असे लिहून आले. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. बरे झाल्याने पुढील संसर्गापासून संरक्षण मिळत नाही आणि या विषाणूवर लस उपलब्ध नाही. तेव्हा सुया व पात्यांबाबतची काळजी कायम घ्यावी. दुसरे असे, की प्रतिपिंडे रक्तात राहणारच. पुढे एखाद्या शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी झाली, की पहिली चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह येईल आणि नवे डॉक्टर पुन्हा तेच विचारतील. त्या वेळी हा शेवटचा कागद जवळ असला पाहिजे.

रोखपालांनी त्याच्या दोन प्रती काढल्या. एक पत्नीच्या पर्समध्ये राहिली. मूळ अहवाल त्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला, आणि मुदत ठेवीच्या न मोडलेल्या पावत्याही कपाटातून काढून त्याच्याशेजारी ठेवल्या.