ध्वनिवर्धकातील घुरघुर : उगमाचा शोध

व्याख्यानांना येणाऱ्या मंडळींना एक प्रसंग चांगलाच परिचयाचा आहे. वक्ते पडद्यावर चित्रे दाखविणार असतात, त्यांबरोबर आवाजाचा एखादा तुकडाही ऐकविणार असतात. लॅपटॉपची तार ध्वनिवर्धकाला जोडली जाते आणि त्याच क्षणी सभागृहभर ‘घुऽऽर्र’ असा आवाज भरून राहतो. कोणी तार हलवितो, कोणी संगणक बंद करून पुन्हा चालू करतो. शेवटी कंटाळून वक्ते चार्जर उपसतात, तोच आवाज थांबतो! टाळ्याही पडतात. पुढे वीस मिनिटांनी बॅटरी संपते ती गोष्ट निराळी. पण चार्जर काढताच घुरघुर का थांबली, हे सहसा कोणी विचारीत नाही. आपण तेथूनच आरंभ करू.

नको असलेल्या आवाजाचा माग काढताना पहिले साधन म्हणजे आपला कान. आवाज खोलीतलाच आहे की तारांतून येत आहे, हे आधी ठरविले पाहिजे. मायक्रोफोनची तार काढून टाकावी. आवाज गेला तर बहुधा छताचा पंखा, खिडकीबाहेरची रिक्षा किंवा संगणकाचा स्वतःचा पंखा यांपैकी कोणी तरी अपराधी आहे. त्यावर उपाय दार लावण्याचा किंवा पंखा बंद करण्याचा. मायक्रोफोन काढूनही आवाज राहिला, तर तो विजेच्या वाटेने आला आहे असे समजावे. नुसता ‘सूऽऽ’ असा फुसफुसाट असेल, तर मायक्रोफोनचा आवाज संगणकात फाजील वाढविलेला असतो. गाणाऱ्याने मायक्रोफोनच्या जवळ बसावे आणि वाढ कमी करावी, की काम भागते. घुरघुरीचे प्रकरण याहून खोल आहे.

घुरघुर ओळखण्यासाठी ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना दुसऱ्या यंत्राची गरज नाही. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. त्यामुळे तिच्यापासून उद्भवणाऱ्या घुरघुरीत ५०, १००, १५०, २०० अशी कंपने असतात. पेटीवर पांढरी पाच धरून ठेवावी. घुरघुर तिच्याशी जवळजवळ मिळते, किंचित चढी लागते इतकेच. कारण पांढरी पाच खर्जात ४९ व ९८ कंपनांची असते. स्वर जुळला की चोर घरच्या विजेतला आहे, हे निश्चित. (अमेरिकेत वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते. तिकडच्या मराठी घरांत हीच घुरघुर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे पेटीत नसलेल्या स्वरात लागते. मुलाने तिकडून पाठविलेले ध्वनिमुद्रण कोठले, हे त्यातील घुरघुरच सांगते!)

स्वर याहून बराच उंच, शिट्टीसारखा, वरच्या सप्तकातील पांढऱ्या सातच्या जवळपासचा असेल, तर तो संगणकाच्या पोटातला आहे. यू.एस.बी. तारेवरून माहितीची गाठोडी सेकंदाला हजार वेळा ये-जा करतात, आणि तो हजाराचा ठेका विजेच्या तारेतून आवाजात झिरपतो. माऊस हलविला किंवा पडद्यावरचा मजकूर वर सरकविला की किरकिरीचा सूर बदलतो, ही त्याची दुसरी खूण. थांबून थांबून ‘टर्र-टर्र-टर्र’ असे आले, तर जवळचा मोबाईल फोन दूर ठेवून पाहावा. घरातले दिवे गेल्यावर इन्व्हर्टर चालू होताच घुरघुरीला कर्कश धार आली, तर तो इन्व्हर्टर साध्या लहरीऐवजी चौकोनी लहर पुरवीत आहे.

आता सभागृहाकडे परत जाऊ. ध्वनिवर्धक भिंतीजवळच्या सॉकेटवर चालतो, लॅपटॉप व्यासपीठावरच्या सॉकेटवर. दोघांच्याही प्लगला तिसरी पिन आहे, ती जमिनीशी, म्हणजे ‘अर्थ’शी जोडलेली. आता आपण दोहोंमध्ये आवाजाची तार ओढली. या तारेच्या भोवतीचे जाळीदार वेष्टन दोन्ही यंत्रांचे अर्थ एकमेकांना जोडते, आणि एक मोठे वर्तुळ पुरे होते. दोन हौदांतील पाण्याची पातळी दोन बोटांनी जरी वेगळी असली, तरी त्यांना नळीने जोडताच पाणी वाहू लागते. तसेच दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये अल्पसा फरक असतो, आणि तेवढ्यावर वेष्टनातून विजेचा प्रवाह वाहतो. पण तेच वेष्टन आवाजाची परतीची वाटही असते. ध्वनिवर्धकाला आवाज कोणता आणि फरक कोणता हे कळत नाही. तो दोन्ही वाढवितो. चार्जर काढला की वर्तुळ तुटते.

हा त्रास नवा नाही. टेलिफोनच्या आरंभीच्या काळात एकच तार असे व परतीची वाट जमीन. विजेच्या ट्रामगाड्या आल्या आणि त्यांचा प्रवाहही जमिनीतून परतू लागला, तेव्हा बोलणे ऐकू येईना. ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ सालीच दोन तारा एकमेकींना पीळ देऊन वापरण्याची युक्ती काढली होती. तिचा मग सर्वत्र अवलंब झाला. दोन्ही तारांवर सारखीच धूळ बसते, आणि पलीकडच्या टोकाला एकीतून दुसरी वजा केली की धूळ जाते, आवाज राहतो. गवई मंडळींच्या मायक्रोफोनला जी तीन टोकांची जाड तार असते, ती याच तत्त्वावर चालते. तेव्हा सभागृहात उपाय दोन : दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावावी, किंवा आवाजाच्या तारेत मध्ये लहानसा ट्रान्सफॉर्मर घालावा. त्यातून आवाज जातो, पण दोन्ही बाजू तारेने जोडल्या जात नाहीत. तारेवर चढविण्याचे काळे चुंबकीय मणी बाजारात मिळतात. त्यांचा या घुरघुरीवर काही उपयोग होत नाही.

तिसरा एक उपाय सर्रास केला जातो, तो सांगावयाचा तो टाळण्यासाठीच. प्लगची तिसरी पिन काढून टाकतात, किंवा दोन पिनांचा अडॅप्टर मध्ये घालतात. घुरघुर थांबते, यात शंका नाही. पण आपल्याकडील प्लगमध्ये ती पिन इतर दोहोंहून लांब व जाड ठेवलेली असते, ती उगाच नव्हे. ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. यंत्रातील तार निसटून धातूच्या पेटीला लागली, तर प्रवाह माणसाच्या अंगातून न जाता त्या पिनेतून जावा, एवढेच तिचे काम.

याचा अनुभव आम्हांला अंबरनाथच्या एका घरी आला. तेथील आजींना जात्यावरच्या ओव्या शेकड्याने पाठ. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही बदलापूरचे दोघे-तिघे लॅपटॉप आणि मायक्रोफोन घेऊन गेलो व दोन संध्याकाळी मुद्रण केले. घरी येऊन ऐकतो तो प्रत्येक ओवीखाली पांढरी पाच! संगणकाच्या साहाय्याने ती गाळून पाहिली. परंतु आजींच्या आवाजाचे मूळ कंपनही दोनशेच्या आसपासच. घुरघुर काढावी तर आवाजाचे अंगच जाई. पुन्हा जाणे भाग होते. ‘आजी, पुन्हा म्हणाल का हो?’ असे संकोचाने विचारले, तर म्हणाल्या, ‘अरे, दळण काय एकदाच दळतात?’

या वेळी एकेक वस्तू दूर करीत गेलो. घर रुळांजवळ, म्हणून आमचा पहिला संशय लोकलगाडीवर. कर्जतच्या मार्गावर पूर्वी १५०० व्होल्टचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह होता, आता २५,००० व्होल्टचा आहे आणि तोही ५० हेलकाव्यांचाच. पण चार गाड्या गेल्या तरी घुरघुर कमी-जास्त झाली नाही. चार्जर काढला, आवाज बंद. दुसरा चार्जर लावला, पुन्हा आवाज. तोच चार्जर, तोच संगणक बदलापुरात आमच्या घरी मात्र गप्प. मग लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवरून हात फिरविला, तो बोटांना झिणझिण लागली.

वायरमन आला. त्याने सॉकेटच्या जिवंत तारेत व अर्थच्या भोकात दिवा धरला. तो लागलाच नाही. तिसरे भोक नुसते शोभेचे होते. चार्जरमधून जी अल्पशी गळती होते तिला जमिनीत जाण्याची वाट नव्हती, म्हणून ती आवाजात उतरत होती. एवढ्या गळतीने जीव जात नाही. पण फ्रीज आणि न्हाणीघरातील गीझर त्याच बिनअर्थच्या तारेवर होते.

असे घर एकटे नाही. उल्हासनगर युद्धकाळातील छावणीच्या बराकींतून वाढले. १९४९ साली त्याला नाव मिळाले, आणि पुढे खोलीच्या खोल्या झाल्या तसे बोर्डावरून बोर्ड निघाले. बदलापूरच्या नव्या इमारतींत खड्डा असतो, पण त्यात पाणी घालावयाचे कोणाच्या ध्यानी नसते. मीठ-कोळशाचा हा खड्डा ओला असला तरच प्रवाहाला वाट देतो. आपल्याकडे थोडे खणताच काळा खडक लागतो, आणि वैशाखात माती कोरडी ठणठणीत. तेव्हा वायरमनकडून वर्षातून एकदा, तेही पावसाआधी, तपासणी करून घ्यावी. ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे स्विच मिळतात, तेही बसवावे. अर्थ नसतानाही ते काम करतात.

आजींच्या मुलाने दोन्ही गोष्टी करून घेतल्या. मुद्रण मात्र आम्ही त्याआधीच उरकले होते. दुरुस्तीसाठी वस्तीतली वीज बंद होती त्या सकाळी बॅटरीवर लॅपटॉप चालविला. पंखा बंद, फ्रीज बंद. आजींनी एकशे चार ओव्या म्हटल्या. मध्ये कुकरच्या तीन शिट्या आहेत आणि दोनदा लोकल जाते.