वॅटचा हिशेब

"मामाजी, दोनशे वॅटचाच घेतो ना जी! शंभरचा कोणाले ऐकू येईन?"

भाचा दोन कोटेशनं माझ्यापुढे ठेवून बसला होता. सरकारदरबारी आमच्या गावाचं नाव 'आंजी (मोठी)'. त्यामुळे असेल, पण इथल्या पोरांना काहीही लहान चालत नाही. भाचा वर्ध्याच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. जुना वीस वॅटचा ॲम्प्लिफायर घरात भिंती हादरवायचा. मंडपात ड्रम सुरू झाले की गिटार गडप! नव्यासाठी त्याच्या बाबांनी कापसाचे पैसे दिले होते आणि दोन्ही कोटेशनांत दोन क्विंटल कापसाचं अंतर होतं. बँकेत जन्म गेलेला मी, म्हटलं, आधी हिशेब करू.

1947 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. तोवर ॲम्प्लिफायर म्हणजे काचेचे व्हॉल्व्ह. तापायला वेळ, खड्ड्यांतून नेताना फुटायची धास्ती. ट्रान्झिस्टरचा, म्हणजे सॉलिड स्टेट, तुलनेनं हलका, दणकट नि स्वस्त. पण एक खोड आहे. ताकदीबाहेर ताणला की व्हॉल्व्हचा आवाज भरदार होतो, ट्रान्झिस्टरचा मात्र कर्कश फाटतो. म्हणून यात ताकद थोडी शिल्लक ठेवावी लागते, खात्यातल्या किमान रकमेसारखी.

मग दोनशेच घ्यावा का? इथेच खरी गंमत आहे. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला वॅट लागतात सुमारे दहापट! उलट 97 डेसिबलच्या जागी 100 डेसिबल क्षमतेचा स्पीकर लावला, तर वॅट दुप्पट केल्याचंच फळ मिळतं. शिवाय मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं हे साउंडवाल्याचं काम. तो गिटारच्या स्पीकरपुढे माइक ठेवतो. आपल्या डब्यानं स्टेजवर ड्रमला पुरून उरावं, एवढंच.

दुकानदार भला माणूस. बारा इंची स्पीकरचा शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर त्यानं एका दिवसासाठी दिला. गावातल्या समाजमंदिरात ड्रमवाल्या मित्राला बसवून भाच्यानं वाजवून पाहिलं. बटण अर्ध्यावर, तरी गिटार स्वच्छ ऐकू येत होती. भाचा काही बोलला नाही. दोनशेचं कोटेशन त्यानं घडी घालून खिशात ठेवलं.

गणपतीत कार्यक्रम झाला. भाच्याचे बाबा शेवटच्या रांगेत, डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसले होते. इतकी वर्षं ते पोराला स्टेजवर नुसते पाहत आले होते. रात्री दहाला, कायद्याप्रमाणे, भोंगे बंद झाले. वायरी गुंडाळणाऱ्या पोराजवळ जाऊन ते एवढंच म्हणाले,

"आज तुह्या हातचं ऐकू आलं रे."

दोन क्विंटलचे पैसे मात्र त्यांनी परत मागितले नाहीत. भाच्यानंच नेऊन दिले.