पावसाच्या नावावर किती खपवायचं?

मृगाचा पाऊस सुरू झाला की वर्तमानपत्रात एक ठरलेली बातमी येते : ‘निसरड्या रस्त्यावर चालकाचा ताबा सुटला.’ मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर वकिली करताना हेच वाक्य मी बचाव म्हणून वारंवार ऐकतो. ‘साहेब, पाऊसच इतका होता, ड्रायव्हर तरी काय करणार?’ आज या प्रश्नाचं उत्तर कायदा काय देतो, ते पाहू.

‘दैवी आपत्ती’ हा बचाव कायद्यात आहे. चालत्या गाडीवर अचानक दरड कोसळली, तर चालकाला दोष देता येत नाही. पण घटना अशी हवी, की शहाण्या माणसाला तिचा अंदाज आला नसता आणि काळजी घेऊनही ती टळली नसती. जुलैत आंबेनळी घाटात धुकं असणार, यात अंदाज न येण्यासारखं काय आहे? पाऊस चालकाची जबाबदारी कमी करत नाही, उलट वाढवतो.

यामागे साधं विज्ञान आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढतं. पहिल्या सरीत धूळ आणि सांडलेलं तेल मिसळून रस्ता बुळबुळीत होतो. साचलेल्या पाण्यातून वेगानं गेलं, तर टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो. मग स्टिअरिंगही ऐकत नाही आणि ब्रेकही. म्हणून ८० ची पाटी ही कमाल मर्यादा समजायची, ८० नं जाण्याचा हुकूम नव्हे.

न्यायालयं याच दृष्टीनं पाहतात. नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार १९६० मध्ये रस्ता सोडून झाडावर आदळली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की इथं घटनाच बोलते आहे; आपली चूक नव्हती, हे दुसऱ्या बाजूनं दाखवावं. २०१८ मधल्या एका निकालात पुढच्या ट्रकनं अचानक ब्रेक मारल्याची तक्रार होती. मागची मोटार जेमतेम १० ते १५ फुटांवर होती. पुरेसं अंतर न ठेवल्याचा दोष न्यायालयानं मोटारचालकाला दिला. एरवी दोन सेकंदांचं अंतर ठेवत असाल, तर पावसात चार सेकंदांचं ठेवा.

अपघातानंतर दोन वेगळी प्रकरणं सुरू होतात. पहिलं फौजदारी. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनी पैसे भरते, तुरुंगात जात नाही. दुसरं नुकसानभरपाईचं. त्यात जखमीचीही चूक निघाली, तर तेवढा वाटा कापला जातो. दहा लाखांची भरपाई ठरली आणि ३० टक्के दोष त्याचा निघाला, तर हाती सात लाख येतात. चालकाचा दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. मात्र ही रक्कम स्वीकारली की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. एप्रिल २०२२ पासून दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे. तेव्हा वाट पाहत बसू नका.

पावसाची आणखी एक गोष्ट कोर्टात जाणवते. तो पुरावा धुऊन नेतो. एका दूधवाल्याच्या पत्नीचा दावा मी चालवला. अपघात रात्रीचा, पंचनामा सकाळी. तोवर रक्ताचे डाग नव्हते, चाकांच्या खुणा नव्हत्या. समोरची बाजू म्हणे, दुचाकीच घसरली. तिथून जाणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं जखमीला उचलण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढला होता. त्यात मोटार चुकीच्या बाजूला दिसत होती. तो साक्षीला आला, म्हणून त्या घराला भरपाई मिळाली. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि त्याच्यावर साक्षीची सक्ती नाही, हेही लक्षात ठेवा. चालकानं मात्र पळून जायचं नाही. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे त्याचं कर्तव्यच आहे.

दोष दर वेळी चालकाचाच असतो, असं नाही. खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे. खड्ड्याचाही फोटो काढून ठेवा.

जून लागण्यापूर्वी टायर, वायपर आणि विम्याची तारीख पाहून घ्या. विमा संपलेला असेल, तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. धुक्यात दिवे खाली पाडून चालवा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, कारण तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी घालू नका. आणि समोरचं दिसेनासं झालं, तर रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागी थांबा. घरी फोन करून सांगा, तासभर उशीर होईल. घरचे समजून घेतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)