लॉरियमचें किट्ट व त्यांतील स्फटिक

रसशास्त्रांत मंडूर, म्हणजे जुनें लोहकिट्ट, शंभर वर्षांवरचें असल्यास उत्तम मानिलें आहे. भट्टीबाहेर टाकलेल्या मळासहि वय असतें, तें असें. ग्रीस देशांत अथेन्सच्या आग्नेयेस लॉरियम येथें पूर्वीं शिसें व रुपें गाळीत. ख्रिस्तपूर्व ४८० मध्यें सॅलॅमिसला लढलेलें अथेन्सचें आरमार याच रुप्यावर उभें राहिलें. तेथील कांहीं किट्ट समुद्रांत पडलें. खारें पाणी त्याच्या पोकळ्यांत शिरलें, आंत उरलेल्या शिशाशीं मिठांतील क्लोरीनचा संयोग झाला, आणि रंगहीन, नाजूक स्फटिक वाढले. त्यांपैकीं लॉरियोनाइटास १८८७ सालीं त्या स्थळाचेंच नांव मिळालें. फीडलेराइट व पेनफील्डाइट हीं त्याचीं भावंडें.

हीं खनिजें म्हणावींत काय? किट्ट मनुष्यकृत, स्फटिक समुद्रकृत. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्रीय संघाच्या १९९५ च्या व्याख्येनें असे नवे पदार्थ खनिजांत घेण्याचें बंद केलें. लॉरियमचे जुने मात्र राखले. हा निवाडा आम्हांस सोयीचा वाटतो, तर्कशुद्ध नव्हे.

स्फटिकासाठीं ढेकूळ फोडणें म्हणजे चित्रासाठीं पोथीचें पान कापणें होय. भट्टीची साक्ष त्या ढेकळांतच असते. संग्राहकांनीं तें अखंड ठेवावें, व कोठें, किती खोल पाण्यांत सांपडलें याची चिठी सोबत जोडावी.